माप आपले, वही त्यांची

चष्म्याच्या दुकानात नंबर ठरला की दुकानदार एक छोटी पट्टी आपल्या नाकावर आडवी धरतो, 'समोर बघा' म्हणतो आणि कागदाच्या कोपऱ्यात एक आकडा टिपतो. त्याच्या भाषेत तो 'पीडी', म्हणजे दोन डोळ्यांच्या बाहुल्यांमधले अंतर, मिलिमीटरमध्ये. माझा आकडा ५९ आहे. इतकी वर्षे चष्मा लावूनही मला तो ठाऊक नव्हता, आणि ठाऊक असायचे काही कारणही नव्हते. मग एका दिवाळीत भाच्याने त्याचा व्हीआर हेडसेट माझ्या डोक्यावर चढवला. समोर दरी होती, दरीवरून धावणारी रुळांवरची गाडी होती, सगळे झकास होते. सातव्या मिनिटाला पोटात ढवळायला लागले. पुढचा तासभर मी लिंबाची फोड हुंगत कोचावर पडून होते. 'आत्या, तुला सवय नाही,' असा निकाल भाच्याने दिला आणि घरात सगळ्यांनी तो मान्य केला. मीसुद्धा.

सवयीचा भाग असेलही थोडा. पण त्या हेडसेटची दोन भिंगे एका ठरावीक अंतरावर पक्की बसवलेली होती, आणि ते अंतर माझ्या डोळ्यांचे नव्हते. ते 'सरासरी माणसा'चे होते.

हा सरासरी माणूस मोठा वजनदार आहे. प्रौढांच्या बाहुल्यांमधले अंतर सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास भरते. बायकांचे पुरुषांपेक्षा दोनेक मिलिमीटरने कमी. २०१६ साली बाजारात आलेल्या ऑक्युलस रिफ्टला भिंगे जवळ-दूर सरकवायची सोय होती. २०१९ च्या रिफ्ट एसमधून ती काढून टाकली आणि भिंगे साधारण साडेत्रेसष्टवर कायमची बसवली. त्यावर जाहीरपणे चिडलेल्यांत खुद्द पामर लकी होता. ज्या पोराने २०१२ मध्ये लोकवर्गणीतून चोवीस लाख डॉलर उभे करून ऑक्युलस सुरू केली, जिला २०१४ मध्ये फेसबुकने सुमारे दोन अब्ज डॉलरला विकत घेतले, तोच लकी. तोवर तो कंपनीतून बाहेर पडला होता. त्याचा पीडी सत्तरच्या जवळ. आपणच जन्माला घातलेल्या हेडसेटचा नवा अवतार आपल्याच डोळ्यांना बसत नाही, हे त्याने लिहून टाकले. पुढच्या वर्षी आलेल्या ऑक्युलसच्याच क्वेस्ट २ मध्ये भिंगांना तीन खाचा मिळाल्या: ५८, ६३ आणि ६८. मधल्यांनी जमवून घ्यायचे.

त्याच २०२० मध्ये के स्टॅनी आणि तिच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध आला. व्हीआरमध्ये बायकांना पुरुषांपेक्षा जास्त मळमळते, हे बऱ्याच काळापासून सांगितले जात होते, आणि त्याची कारणे बायकांच्या शरीरातच शोधली जात होती. या संशोधकांना आढळले की फरकाचे मुख्य कारण भिंगांमधले अंतर हे आहे. ज्या बायकांच्या डोळ्यांना हेडसेट नीट बसला त्यांना पुरुषांइतकाच त्रास झाला, जास्त नाही. दोष डोळ्यांत नव्हता, मापात होता. क्वेस्ट ३ ला २०२३ मध्ये एक गोल चाकी मिळाली. ती फिरवली की भिंगे हळूहळू सरकतात, खाचा नाहीत. एवढ्याशा चाकीमागे किती जणांची ओकारी आहे, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

हेडसेटचे पुढचे रूप कोण ठरवते, या प्रश्नाचे सोपे उत्तर 'कंपनीचे इंजिनिअर' असे आहे. ते अर्धेच खरे आहे. वापरणाऱ्यांची मापे, त्यांच्या हालचाली, त्यांच्या तक्रारी आणि त्यांचे मुकाट्याने हेडसेट काढून ठेवणे, हे सगळे मिळून ते रूप ठरते. यातले काय मोजले जाते आणि काय मोजलेच जात नाही, तिथे खरी गोम आहे.

मोजण्याशिवाय हेडसेट चालतच नाही, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड या अमेरिकी शास्त्रज्ञाने डोक्यावर घालायचा पहिला संगणकी पडदा दाखवला. त्यासाठी छताला एक यांत्रिक दांडा टांगला होता. या दांड्याचे टोपणनाव पडले 'डॅमोक्लिसची तलवार'. आपण नुसते 'टांगती तलवार' म्हणतो. तो दांडा आधारासाठी नव्हता. डोके या क्षणी कुठे आहे, किती वळले आहे, हे मोजायचे काम त्याचे. मोजमाप येईल तसे संगणक चित्र नव्याने काढी, आणि म्हणून हवेत तरंगणारा तारांचा ठोकळा माणसाला सगळ्या बाजूंनी बघता येई. दांडा काढा, की उरतो डोळ्यांना बांधलेला टीव्ही.

आता दांड्याचे काम हेडसेटवरचे छोटे कॅमेरे आणि आतले सेन्सर करतात. मान वळवल्यापासून चित्र बदलेपर्यंत सुमारे वीस मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ जाऊ नये, असा या धंद्यातला दंडक आहे. वेळ वाढला की डोळे एक सांगतात, कानातला तोल सांभाळणारा अवयव दुसरे, आणि भांडण पोटात मिटवले जाते. म्हणून मोजणी सेकंदाला नव्वद वेळा किंवा त्याहून अधिक चालते. डोके आणि दोन हात अशा तीन गोष्टी. प्रत्येकीचे पुढे-मागे, डावी-उजवी, वर-खाली सरकणे आणि तीन दिशांनी वळणे, म्हणजे एकूण १८ आकडे. स्टॅनफर्ड विद्यापीठात व्हीआरचा अभ्यास करणारे जेरेमी बेलेन्सन यांनी हा हिशेब २०१८ मध्ये मांडला: वीस मिनिटांच्या खेळात देहबोलीच्या जवळजवळ वीस लाख नोंदी. पडताळून पाहायचे तर १८ गुणिले ९० गुणिले १,२०० सेकंद, उत्तर १९,४४,०००.

फोनला आपण 'माझे ठिकाण सांगू नकोस' असे बजावू शकतो आणि तरीही फोन लागतो. हेडसेटला 'माझे डोके मोजू नकोस' असे सांगायची सोय नाही. शिंप्याला माप न देता सदरा शिवून मागण्यासारखे ते आहे. तेव्हा माप द्यायचे की नाही, हा वाद इथे फिजूल. माप टिपलेली वही कुणाच्या फळीवर राहते, एवढेच विचारायचे.

आणि ती वही वाढत जाते. पहिला क्वेस्ट मे २०१९ मध्ये विकायला आला तेव्हा त्याचे कॅमेरे खोली आणि हातातले कंट्रोलर पाहण्यासाठी होते. त्याच डिसेंबरात एक सॉफ्टवेअर अपडेट आले आणि तेच कॅमेरे उघड्या हाताची बोटे ओळखू लागले. गिऱ्हाइकाने काही नवे विकत घेतले नव्हते. रात्रीतून त्याच्याकडचा हेडसेट नवे काही मोजायला शिकला होता. ही सोय उत्तमच आहे, मी तिच्या बाजूची आहे. पण आज घेतलेले यंत्र उद्या काय टिपेल हे आज खोक्यावर छापलेले नसते, हेही त्याच अपडेटने दाखवून दिले.

आता तक्रारींकडे. कंपन्यांच्या कारभारात तक्रार हा सर्वांत जुना आणि सर्वांत प्रामाणिक डेटा असतो, असे माझे मत आहे. क्वेस्ट २ च्या चेहऱ्याला टेकणाऱ्या फोमच्या गादीने काही जणांच्या कातडीला आग होऊ लागली, पुरळ उठले. तक्रारी साचत गेल्या, आणि जुलै २०२१ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या सहीने त्या गाद्या परत घेण्याची घोषणा झाली. आकडे असे होते: तक्रारी ५,७१६, डॉक्टरकडे जावे लागलेले सुमारे ४५, आणि परत घेण्याच्या कक्षेतले नग अमेरिकेत सुमारे ४० लाख. कंपनीने किती हेडसेट खपले हे तोवर कधी सांगितले नव्हते. खपाची बातमी अशी पुरळाच्या वाटेने बाहेर आली! काही आठवडे विक्री थांबली आणि पुढच्या खोक्यांत सिलिकॉनचे आवरण येऊ लागले. सातशे जणांत एकाची तक्रार, पण ती लेखी होती, मोजता येत होती, आणि तिच्या मागे सरकारी यंत्रणा उभी होती, म्हणून वस्तू बदलली.

ॲपलच्या व्हिजन प्रोची गोष्ट याच्या उलट्या अंगाने जाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये साडेतीन हजार डॉलर मोजून तो घेणाऱ्यांनी एकमुखाने सांगितले, की हा जड आहे. वजन ६०० ते ६५० ग्रॅम, सगळे कपाळावर आणि गालांवर. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुधारलेला नग आला तो आधीपेक्षाही जड होता, साडेसातशे ग्रॅमच्या वर. पण त्याच्या नव्या पट्ट्यात मागच्या बाजूला टंगस्टनचे तुकडे विणलेले होते, तराजूच्या दुसऱ्या पारड्यात वजन टाकावे तसे. लोक 'जड' म्हणत होते; त्यांना खुपत होते ते वजन पुढे झुकते आहे हे. तक्रारीचा शब्द तसाच्या तसा धरला असता, तर कुणीतरी ग्रॅम कापत बसले असते. डोक्यावर हंडा घेणाऱ्या बाईला हे कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय कळते.

काही गोष्टी तर कितीही सेन्सर लावले तरी दिसत नाहीत. २०१६ मध्ये 'क्विव्हीआर' नावाचा धनुर्विद्येचा व्हीआर खेळ होता. त्यात खेळणाऱ्या एका बाईने लिहिले, की दुसऱ्या एका खेळाडूने आपला तरंगता हात तिच्या अंगाशी आणून तिला सतावले, ती पळाली तर पाठलाग केला. खेळाडूंना तिथे धड शरीरही नव्हते. दिसत होते डोके, हात आणि धनुष्य. पण तिला झालेला त्रास खरा होता. खेळ बनवणाऱ्या दोघांनी ते वाचले आणि एक तोड काढली: एक खूण केली की आपल्याभोवती कवच पसरते आणि आत शिरणारा दिसेनासा होतो. पाच वर्षांनी मेटाच्या (म्हणजे नाव बदललेल्या फेसबुकच्या) होरायझन वर्ल्ड्स या आभासी जगात, ते चाचणीच्या टप्प्यावर असतानाच, एका बाईने असाच अनुभव कळवला. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथल्या अवतारांभोवती सुमारे चार फुटांची 'वैयक्तिक सीमा' आली, आणि ती न मागता सगळ्यांसाठी सुरू ठेवली गेली. 'अवतार' हा आपलाच शब्द जगभर फिरून असल्या जागी परत भेटतो.

या दोन्ही प्रसंगांतल्या हातांच्या नोंदी संगणकात नक्कीच असणार, सेकंदाला नव्वद. पण आकड्यांच्या लेखी हस्तांदोलनाला पुढे आलेला हात आणि अंगचटीला आलेला हात यांत फरक नसतो. तो फरक बाईने शब्दांत सांगितला तेव्हाच कळला. एवीतेवी वीस लाख नोंदी घेणाऱ्या यंत्राला एक परिच्छेद जास्त शिकवून गेला.

मग जे काहीच सांगत नाहीत, त्यांचे काय? संगणकावर खेळ विकणाऱ्या स्टीम या बाजारपेठेचे चालक, व्हॉल्व, दर महिन्याला वापरणाऱ्यांच्या यंत्रसामग्रीचे सर्वेक्षण छापतात. सहभाग ऐच्छिक असतो. अलीकडच्या वर्षांत स्टीम वापरणाऱ्यांपैकी व्हीआर हेडसेट बाळगणारे त्यात दोन टक्क्यांच्या आसपास दिसतात. खेळ बनवणारे हे तक्ते पाहून ठरवतात की कुठल्या हेडसेटसाठी काम करायचे. ज्याची संख्या मोठी त्याच्यासाठी खेळ. ज्याच्यासाठी खेळ त्याचीच संख्या मोठी. एसटीच्या गाडीला गर्दी नाही म्हणून फेरी बंद, आणि फेरी बंद म्हणून गर्दी नाही, तसलेच हे चक्र. महिनोन्महिने माळ्यावर पडलेला हेडसेट या तक्त्यात येत नाही. माझ्या भाच्याचा येत नाही.

राहिलेले जे असतात, हेडसेट त्यांच्या बाजूने झुकत जातो. 'गोरिला टॅग' हा खेळ पाहा. त्यात चालायला बटन नाही, पाय तर नाहीतच. दोन्ही हात जमिनीवर आपटत माकडासारखे पळायचे. खेळ फुकट, ओरडाआरडा भरपूर, आणि खेळणारी बहुतेक शाळकरी पोरे. २०२४ पर्यंत त्याची कमाई दहा कोटी डॉलरच्या पुढे गेली होती. व्हीआर हे कचेरीतल्या बैठकांचे भविष्य आहे, अशी भाषणे २०२१-२२ मध्ये मोठमोठ्यांनी केली. कचेऱ्यांसाठी काढलेला दीड हजार डॉलरचा क्वेस्ट प्रो गुंडाळला गेला. मेटाने २०२३ मध्ये खात्यासाठी वयाची किमान अट, पालकांच्या देखरेखीखाली, १३ वरून १० वर आणली. भाषणे कुणाची होती आणि हेडसेट कुणाच्या डोक्यावर राहिला, हे तिथे दिसते. याचा अर्थ असाही, की जी मापे आज सर्वांत जास्त गोळा होतात त्यांत लहान मुलांची मोठी भर आहे.

कामाच्या ठिकाणी वेगळीच तऱ्हा. अमेरिकेतल्या वॉलमार्टने २०१८ मध्ये दुकानांतल्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी १७,००० हेडसेट आणायचे जाहीर केले. वर्षभरात बातमी आली की बढतीसाठी माणूस पारखतानाही व्हीआरमधल्या चाचण्यांचा उपयोग होतो आहे. वेल्डिंग किंवा रंगकाम शिकवणाऱ्या हेडसेटांत हात किती कोनात धरला, किती थरथरला, हे मोजणे हाच शिकवण्याचा गाभा असतो, आणि त्यात वावगे काही नाही. आपल्या ठाण्यातली अजनालेन्स ही कंपनीही औद्योगिक प्रशिक्षणाच्या क्षेत्रात हेडसेट बनवते. शिकाऊ मुलाच्या हाताची ती नोंद प्रशिक्षण संपल्यावर त्याच्या प्रमाणपत्राबरोबर त्याला मिळते की मालकाकडे राहते, हे कामगार संघटनांनी आजच विचारून ठेवलेले बरे.

आता वहीची गोष्ट पुरी करू. शिंप्याच्या वहीत वर नाव असते आणि खाली मापे: छाती, कंबर, बाही. नावाची ओळ फाडली तर मापांवरून माणूस हुडकणे त्याला कठीण. गिऱ्हाइकांची माहिती साठवणाऱ्या कंपन्या वर्षानुवर्षे हेच सांगत आल्या, की आम्ही नाव काढून टाकतो, उरतात नुसते आकडे. व्हीआरमध्ये हा युक्तिवाद कोसळला तो एका खेळामुळे. प्रागमधल्या मंडळींनी बनवलेला 'बीट सेबर' हा व्हीआरमधला सर्वांत गाजलेल्या खेळांपैकी एक. संगीताच्या ठेक्यावर अंगावर येणारे ठोकळे दोन तलवारींनी कापायचे. आपली हातचलाखी मिरवण्यासाठी खेळाडू आपल्या फेऱ्यांच्या नोंदी सार्वजनिक गुणफलकावर चढवत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतील विवेक नायर आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये अशा ५५,५४१ खेळाडूंच्या डोक्याच्या आणि हातांच्या हालचाली घेतल्या, दर माणशी पाच मिनिटांच्या नमुन्यावर संगणकाला शिकवले आणि विचारले, हा कोण? शंभर सेकंदांच्या हालचालीवरून संगणकाने ९४.३३ टक्के वेळा नेमका माणूस ओळखला, पन्नास हजारांच्या गर्दीतून. नुसत्या दहा सेकंदांवरून ७३.२० टक्के वेळा.

चेहरा नाही, आवाज नाही, बोटाचा ठसा नाही. नुसते हात हलवणे. त्याआधी २०२० मध्ये स्टॅनफर्डच्याच प्रयोगात ५११ जणांना व्हीआरमध्ये नुसती दृश्ये दाखवली होती, आणि पाच मिनिटांहून कमी नोंदींवरून ९५ टक्के अचूक ओळख पटली होती. तेव्हा 'छोटा गट आहे' म्हणून सोडून देता आले होते. लांबून चालीवरून माणूस ओळखणे आपल्याला नवे नाही. अंगणात येणारी पावले कुणाची, हे आतल्या खोलीतून आज्जीला कळायचे. पण आज्जीच्या डोक्यात पन्नास घरांची पावले होती, पन्नास हजारांची नव्हती, आणि ती ती विकत नव्हती. इथे मापाच्या वर नाव लिहावेच लागत नाही. माप हेच नाव आहे.

आणि अडचण अशी, की ही हालचाल लपवताही येत नाही. दुसऱ्या खेळाडूला तुमचा अवतार दिसायचा तर तुमचे हात कुठे आहेत हे त्याच्या यंत्राला कळवावेच लागते. त्यात मुद्दाम थोडी भेसळ करून पाठवण्याचे मार्ग याच संशोधकांनी सुचवले आहेत: उंची जराशी खोटी, हातांची लांबी जराशी खोटी. भेसळ जास्त झाली तर तलवार ठोकळ्याला लागत नाही, कमी झाली तर ओळख लपत नाही.

डोळ्यांचे प्रकरण याहून नाजूक आहे. आपल्याला सगळे दृश्य स्वच्छ दिसते असे वाटते, पण प्रत्यक्षात दृष्टीच्या मध्यावरचा एक-दोन अंशांचा ठिपकाच खरा तीक्ष्ण असतो. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहिले तर साधारण तेवढा. मग हेडसेटने सगळे चित्र बारकाईने रंगवण्यात अर्थ काय? डोळा जिकडे वळला आहे तेवढाच भाग रेखीव काढायचा, बाकी पुसट. संगणकाचे श्रम वाचतात, बॅटरी वाचते, यंत्र हलके करता येते. २०२३ चा प्लेस्टेशन व्हीआर २ आणि व्हिजन प्रो हेच करतात. व्हॉल्वने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलेला स्टीम फ्रेम तर संगणकाकडून बिनतारी येणारे चित्रसुद्धा नजरेच्या ठिकाणीच दाट पाठवतो. हलका, स्वस्त, गरम न होणारा हेडसेट हवा असेल तर त्याचा रस्ता डोळ्यांवर पाळत ठेवण्यातून जातो. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. इंजिनिअरिंग असेच आहे.

पण नजर म्हणजे मानेची हालचाल नव्हे. कशावर ती रेंगाळली, कशावरून झटकन हटली, हे बऱ्याचदा आपल्यालाही कळत नाही. बाहुली उजेडाने आकसते, तशी मनावर ताण आला की विस्फारतेही. ॲपलने इथे एक शहाणपणाची रेघ ओढली: नजरेची नोंद हेडसेटच्या आतच राहते, आपण दोन बोटे चिमटीत जुळवली की 'इथे निवड झाली' एवढेच ॲपला कळते, त्याआधी नजर कुठे कुठे फिरली ते नाही. रेघ चांगली होती, तरी फट राहिलीच. व्हिडिओ कॉलवर दिसणाऱ्या अवताराचे डोळे माणसाच्या डोळ्यांबरहुकूम हलत, आणि नजरेने कळफलक वापरताना ते कुठल्या अक्षरांकडे वळले यावरून टंकलेला मजकूर ताडता येतो, हे काही संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवून दिले. ॲपलने त्या जुलैत दुरुस्ती केली: कळफलक उघडा असताना अवताराचे डोळे थांबतात. वही कपाटात बंद होती. ती वाचून दाखवली जात होती खिडकीतून.

कायदा या सगळ्याच्या कुठे आहे? जर्मनीने एकदा हिसका दाखवला. २०२० मध्ये ऑक्युलस वापरायला फेसबुकचे खाते सक्तीचे झाले, तेव्हा तिथल्या स्पर्धा आयोगाने चौकशी सुरू केली. सुमारे दोन वर्षे जर्मनीत क्वेस्ट २ विकला गेला नाही. २०२२ मध्ये वेगळे मेटा खाते आले, सक्ती गेली, आणि वर्षअखेरीस विक्री सुरू झाली. जगभरच्या गिऱ्हाइकांना त्याचा फायदा झाला, बहुतेकांना कारण ठाऊक नसताना.

पण हालचालीच्या नोंदींपाशी आले की कायदे चाचपडतात. २०१८ पासून लागू असलेल्या युरोपच्या कायद्यात शरीरावरून ओळख पटवणाऱ्या माहितीला खास संरक्षण आहे, मात्र ती ओळख पटवण्याच्या हेतूने वापरली जात असेल तर. खेळात हात हलवण्याची नोंद त्या हेतूने घेतलेली नसते. ओळख तिच्यातून आयती निघते. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 'संवेदनशील' माहितीचा वेगळा वर्गच ठेवलेला नाही. मुलांबाबत मात्र तो कडक आहे: १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती हवी, आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. डोके सेकंदाला नव्वद वेळा मोजल्याशिवाय न चालणाऱ्या खेळण्यात 'पाळत' कशाला म्हणायचे, हे अजून कुणी पक्के केलेले नाही. माझ्या मते व्याख्या सोपी आहे: चित्र हलवण्यापुरते माप घेऊन तिथल्या तिथे पुसले तर ती मोजणी, हेडसेटबाहेर गेले आणि साठवले तर ती पाळत.

तेव्हा घरात हेडसेट येणार असेल तर दोन कामे करा. पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन जादा माहिती कंपनीकडे पाठवण्याच्या परवानग्या बंद करा, आणि मुलाला तुमच्या खात्यावर खेळवण्याऐवजी त्याच्या वयाचे खाते काढून द्या. आणि हेडसेट बसला नाही, मळमळले, पट्ट्यात अंबाडा अडकला, चष्म्याच्या काड्या रुतल्या, तर माळ्यावर टाकू नका. परत करा, आणि कारणाच्या रकान्यात 'आवडला नाही' असे लिहू नका. 'माझा पीडी ५९, तुमची भिंगे ६३ वर' असे लिहा.